अण्णा नावाचा इसम

मी, मनोहर देवदत्त उमरीकर, वय एकोणऐंशी, मूळचा नांदेड जिल्ह्यातला, हल्ली मुक्काम मुलगा राजीव याच्याकडे, नेपरव्हिल, अमेरिका, असं लिहून ठेवतो की माझा हात थरथरतो, डोकं जागेवर आहे. कोणी भरीस घातलं म्हणून नव्हे, कोणी विचारायच्या आत हे लिहितो आहे. याआधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. नांदेडचं घर मुलगी रेखा हिला. राजीवने कुरकुर करू नये. ते पावसाळ्यात कुठे गळतं हेही त्याला ठाऊक नाही.

२. बँकेतली शिल्लक दोघांत सारखी. घड्याळदुरुस्तीची माझी हत्यारं राजीवला. घरातलं हीटिंग किती ठेवायचं यावरून तो चार हिवाळे माझ्याशी भांडला. तो वाद मी जिंकलो असं धरून मिटवावा.

३. इथल्या मराठी मंडळाने मला स्वातंत्र्यसैनिक समजून शाल घातली होती. ती परत करावी. मी सैनिक नव्हतो, सरकारी कारकून होतो. हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण टाळ्या चालू होत्या.

४. नात केया, वय वीस, हिला काहीही देत नाही. ना वस्तू, ना पैसा. ती माझी सर्वांत लाडकी आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कारण लिहितो. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकिलाने सांगितलं. मला केया साक्षीदार म्हणून हवी आहे. तिला मराठी वाचता येत नाही. म्हणजे सहीआधी हा कागद मला तिच्यासमोर बसून, वाक्यावाक्याला इंग्रजी करून वाचावा लागेल. मी पळून जाऊ नये म्हणून ही तजवीज.

५. आता मुख्य गोष्ट. १९४९ साल. देश दीड वर्षाचा, आमचं संस्थान त्यात येऊन सहा महिने. तेलंगणातल्या शेतकऱ्यांनी बंदुका खाली ठेवल्या नव्हत्या. सरकारने गावोगाव पोलीस पाठवले आणि त्यांच्या मागोमाग आम्हा कारकुनांना, जबाब लिहून घ्यायला. बंडखोरांना जेवू कोणी घातलं, एवढंच विचारायचं. मी नोकरीच्या अर्जात ‘तेलुगू येते’ असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. मला बाजारापुरतं येत होतं.

लच्चम्मा नावाची बाई होती. तिच्या अंगणात एक जास्तीचं खरकटं ताट सापडलं होतं. ती रडत म्हणाली, ‘मा अन्ना वच्चि तिनि पोयाडु.’ मी उर्दूत लिहिलं : अण्णा नावाचा इसम येऊन जेवून गेला. खाली भाषांतरकार म्हणून सही ठोकली.

शेजारच्या गावात एक मराठी शिक्षक होते, श्रीराम कंधारकर. सगळे त्यांना अण्णा गुरुजी म्हणत. तिसऱ्या दिवशी त्यांना नेलं.

आठवड्याने मी बाजारात वांगी घेत होतो. भाजीवाली म्हणाली, ‘किती देऊ, अन्ना?’ मी म्हटलं, माझं नाव मनोहर. ती हसली. बाजूच्या हमालालाही ती अन्नाच म्हणत होती. अन्ना म्हणजे थोरला भाऊ. लच्चम्माचा स्वतःचा भाऊ घरी येऊन जेवून गेला होता. साहेबांची कचेरी समोरच होती, रस्ता ओलांडायचा अवकाश. पण तिथे जाऊन मला तेलुगू येत नाही, हे कबूल करावं लागलं असतं. मी वांगी घेऊन घरी आलो.

गुरुजी त्यानंतर आठ महिने जिवंत होते. तुरुंगात विषमज्वराने गेले. त्या आठ महिन्यांत कोणत्याही दिवशी मला तो रस्ता ओलांडता आला असता.

पुढे मी त्यांच्या घरी जाऊ लागलो, रेशन आणून देऊ लागलो. तीन वर्षांनी त्यांच्या मुलीशी, अहिल्येशी, लग्न केलं. हुंडा घेतला नाही. केवढं मोठं मन, असं लोक म्हणाले, आणि मी म्हणू दिलं. दरवर्षी वडिलांच्या तिथीला अहिल्या म्हणायची, ‘ज्याने ते लिहिलं त्याचे हात झडोत.’ आणि त्याच हातांवर तीर्थ घालायची. पन्नास वर्षं. ती गेली तेव्हा तिला काही कळलेलं नव्हतं. माझं तिच्यावर प्रेम होतं. हे लिहायचा मला हक्क नाही, तरी लिहितो.

६. केया कॉलेजसाठी पणजोबांवर प्रबंध लिहिते आहे. तिने तिकडच्या दफ्तरातून जबाबाची नक्कल मागवली. मागच्या रविवारी ती कागद घेऊन आली. ‘आजोबा, प्लीज ट्रान्सलेट करून द्या ना. बॉटमला कुणाची सिग्नेचर आहे?’ मी चष्मा पुसला आणि म्हणालो, पुसट आहे, लागत नाही. ते खोटं मी या कलमाने मागे घेतो. सही माझी आहे.

७. माझ्या अस्थी अहिल्येच्या अस्थींसारख्या गोदावरीत सोडाव्यात, असं मी राजीवला सांगितलं होतं. ते आता केया म्हणेल तसं. ती नको म्हणाली तर कोणी तिची समजूत घालू नये.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं. शेजारच्या सीमा केळशीकर यांच्यासमोर केयाला वाचून दाखवलं आणि मग सही केली.

मनोहर देवदत्त उमरीकर
नेपरव्हिल, इलिनॉय. रविवार, ११ फेब्रुवारी २००७.

साक्षीदार १ : सीमा केळशीकर, शेजारी.

(सहीनंतरची नोंद, माझ्याच हातची : वाचताना केयाने एकदाच थांबवलं. ‘एट मंथ्स, आजोबा?’ मी हो म्हटलं. सीमाताई म्हणाल्या, ‘बेटा, नको असेल तर सही करू नकोस, मी राजीवला फोन करते.’ केयाने फोन नको अशी मान हलवली आणि पेन घेतलं. नातं लिहायची जागा होती. तिथे तिने इंग्रजीत लिहिलं, ते मी खाली मराठीत उतरवतो. भाषांतर बरोबर आहे.)

साक्षीदार २ : केया. श्रीराम कंधारकर यांची पणती.