आई-भेग, लेक-भेग

आदरणीय मामा,

तुम्हाला आणि मामीला नमस्कार. गुडघा कसा आहे? शिलाई मशीन पायाने चालवू नका असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तुम्ही डॉक्टरच बदललात, हे आईकडून कळलं. मी खुशाल आहे. परवापर्यंत नव्हते.

आमच्या प्रयोगशाळेत भूकंप लहान करून बघतात. पारदर्शक प्लास्टिकच्या दोन जाड पाट्या कडेला कड लावून दाबायच्या, सांध्यात ठिणगी टाकायची, की भेग धावत सुटते आणि वेगवान कॅमेरा तिची चित्रं टिपतो. (आई शेजारणीला सांगते, "ती प्लास्टिकच्या कंपनीत आहे." घरातल्या पहिल्या पदवीधराचं हे कौतुक.) जमीन आडवी हलवणाऱ्या लाटेला पुस्तकात कर्तन-लाट म्हणतात. कर्तन म्हणजे कापणं, तेव्हा ती तुमच्याच धंद्यातली. भेग सहसा या लाटेच्या मागे राहते. माझी, महिन्यापूर्वी, पुढे पळाली. सर म्हणाले, "बाई, कॅमेऱ्याचं घड्याळ बघा." त्यांना वाटलं, घड्याळच चुकलंय. मग ठरलं, की बाहेरच्या परीक्षकांसमोर पुन्हा करून दाखवायचं, नाही जमलं तर प्रबंधातलं ते प्रकरण बाद आणि माझं आणखी एक वर्ष पाण्यात.

परवा परीक्षक आले. पाट्यांच्या दोनच जोड्या शिल्लक होत्या. यंत्रवाले काका (ज्यांची बहीण तुमची गिऱ्हाईक) माझ्या कानात म्हणाले, "ताई, पाटी फुटली तर मी रजेवर होतो." त्या धास्तीने मी दाब कमी ठेवला. भेग लाटेच्या मागून अशी अदबीने चालली, जणू पहिल्यांदाच सासरी आलीय. सर खोकले. परीक्षकांनी स्वच्छ चष्मा पुन्हा पुसला. तेव्हा मला तुमचं दुकान आठवलं. लहानपणी मी कापड सैल धरून फाडायची आणि तुम्ही ओरडायचात, "रडवत फाडू नकोस! ताणून धर, मग बघ कसं हाताच्या पुढे पळतं." मी शेवटची जोडी चढवली, स्क्रू आवळले (काका खरोखरच दाराबाहेर गेले), आणि टक्! चित्रांत लख्ख दिसलं: ताण एवढा, की आई-भेगेच्या पुढे, लाट पोचली होती तिथे, एक छोटी भेग वेगळीच उघडली. तिला लेक-भेग म्हणतात. मग आई मागून येऊन लेकीला मिळते आणि दोघी मिळून लाटेला मागे टाकतात. म्हणजे वर्दी पोचायच्या आत पाहुणा घरात. अशी भेग पळाली तर लांबच्या घरांनाही जबर धक्का बसतो. ती घरं कशी बांधायची हे मी एक दिवस सांगणार आहे. हसू नका. परीक्षक म्हणाले, "घड्याळ बरोबर आहे. आता श्वास घ्या." मामा, महिन्याभराने मी पोटभर झोपले.

तुमची, कापड ताणून धरणारी,
भाची

ता. क. परीक्षकांनी मला त्यांच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांसाठी बोलावलंय. फार लांब. आईला सांगायची छाती होत नाही. फोनवर प्रयोग सांगितला तर तिने एवढंच विचारलं, "लेक पुढे गेल्यावर आईचं काय होतं?" मी म्हटलं, मागून येऊन मिळते. पत्राचं खरं कारण हेच: तिला तुम्ही सांगा, हळूच. मामीला मात्र आधी कळू देऊ नका.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात आईचा फोन. दाराबाहेरून ऐकलेलं बोलावणं यंत्रवाल्या काकांनी बहिणीला सांगितलं, बहिणीने मामीला, मामीने आईला. आई म्हणाली, "मागून येऊन मिळते, तूच म्हणालीस ना? माझी बॅग भरून झालीय." तेव्हा वरची विनंती रद्द. फक्त बाबांच्या जेवणाचं तेवढं तुमच्याकडे बघा. हे मामीला सांगायची गरज नाही. पत्र पोचेल तेव्हा बाबा तुमच्या शेजारी जेवायला बसलेले असतील.