बरफात खुपसलेली शिशी

बा, आज तुझी पणती अंगणात जमलेल्या लोकांत एका म्हाताऱ्याले समजावून सांगत होती आणि मले तुझ्याशी बोलायची घाई झाली. माझी नात रे, नर्स झाली. एटापल्लीकडे नोकरी लागली तिले. पांढऱ्या कपड्यात अशी दिसते का मी दोनदा दृष्ट काढली, कारण समोरच्या घरची बाई जरा जास्तच टक लावून पाहत होती आणि माझा तिच्यावर भरोसा नाई. माझी चौथीची अक्षरं तशीच आहेत, तुले ठाऊक, वाचून घेशील. तर पोरगी सांगत होती, "आजोबा, इन्सुलिनची शिशी थंडाव्यात ठेवायची, पण बरफाले टेकू द्यायची नाई. गोठली का औषध मेलं." म्हातारा म्हणे, "थंडच पाहिजे ना, मग बरफानं काय बिघडते?" सगळे हसले. मी उठून आत आली.

ऐंशीनंतरचा तो उन्हाळा. मी माजरीले, माझे मालक तिथी कोळशाच्या खाणीत कामाले. तू नागभीडजवळ गावात, भाऊ-वहिनीपाशी. तुझी इन्सुलिनची शिशी चंद्रपुरात मिळे आणि ती पोचवायचं काम मीच मागून घेतलं होतं. वहिनीच्या हाती तुझं काही जावं असं मले वाटतच नव्हतं. काऊन, ते विचारू नको, सून म्हटली का मले शंका येते, अजूनही येते. गावात फ्रीज कोणाकडं होता? तू शिशी पिशवीत बांधून ओल्या रेतीतल्या मडक्यात ठेवायचा. काचेची सिरिंज वहिनी रोज उकळून द्यायची, मी आलेली असली का तिथीही उभी राहून पाहायची, पाणी खरंच उकळलं का नाई.

त्या खेपेले ऊन असं होतं का गाडीच्या खिडकीले हात लावता येत नव्हता. मी मालकाच्या थर्मासात बरफाचे तुकडे भरले, त्यात शिशी खुपसली आणि झाकण घट्ट केलं. छोट्या लाईनच्या गाडीत थर्मास मांडीवर धरून बसली. समोरच्या माणसानं पाणी मागितलं तर त्याच्यावर डोळे वटारले. चोरच वाटला तो मले. घरी आल्यावर केवढ्या तोऱ्यात शिशी तुझ्या हातात दिली होती, "पाहा, कशी गारेगार आणली!"

त्या खेपेले मी तिथीच राहिली, आणि आठ दिवसांत तू वाळत गेला. लोट्यावर लोटे पाणी पितो आहेस, भिंतीचा आधार घेत अंगणात जातो आहेस, आणि तू जिथी लघवीले बसला तिथी मुंग्यांची रांग लागते आहे. सुई तर रोज टोचून राह्यला. मग साखर येते कुठून? मी वहिनीले धरलं. "बाले काय खाऊ घालून राह्यली तू?"

"मोजून भात आणि अंबाडीची भाजी," ती म्हणाली. "तुमी चुलीजवळून हलत नाई, बाई. माझ्या पदरात गूळ बांधला आहे काय?"

मी घागर उचलून निघाली. विहिरीवर दोन बायांजवळ बोलली, का सून म्हाताऱ्याले गोड चारून मारते. दोन बायांजवळ बोललं म्हणजे गावभर झालं.

मग मले तुझा एक जुना पावडरचा डबा दिसला. कुडाच्या भिंतीमागे ठेवलेला. दर काही दिवसांनी तू त्यात हळूच काहीतरी टाकायचा आणि झाकण दाबायचा. गूळच, दुसरं काय! वहिनी आणून देते आणि बा लपवतो. तू आंघोळीले गेला तसा मी डबा उघडला, हात घातला आणि कळवळून ओरडली. सिरिंजच्या बोथट सुयांनी अर्धा भरलेला होता तो. तू ओल्या अंगानं दारात उभा. "भेटला काय गूळ?" म्हणाला. हसलाही. माझं बोट साबणानं धुऊन दिलं आणि धुता धुता सांगितलं, का सुई उकिरड्यावर टाकली तर शेणखतासंग धानाच्या बांधीत जाते. रोवणीले बाया अनवाणी उतरतात, कोणाच्या टाचेत जाईल. डबा भरला का झाकण ठोकून जिथी नांगर लागत नाई तिथी खोल गाडायचा.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली नर्सबाई आली. तिनं शिशी उजेडात धरली, हलवली. आत पांढरे कण काचेले चिकटलेले. "ही बरफात ठेवली होती कोणी?" तिनं विचारलं.

बा, मले त्याच क्षणी समजलं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "वहिनीनं कुठी ठेवली असंल, मले काय माहीत."

तांदूळ पाखडता पाखडता वहिनीचं सूप थांबलं. तू माझ्याकडं पाहिलं, फार वेळ नाई. मग नर्सबाईले म्हणाला, "मीच ठेवली, बाई. लग्नघरून बरफ आणला होता, वाटलं चांगलं राहील." ती तुले पोरासारखी रागावली आणि तू मान खाली घालून ऐकून घेतलं. नवीन शिशी आली, भाऊ आणायले गेला, ओल्या फडक्यात गुंडाळून. त्यानंतर तू कितीतरी पावसाळे जगला आणि त्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नाई. तुले समजलं होतं ना? मी किती वर्षं तुझ्या तोंडाकडं चोरून पाहिलं, पण तू काही थांग लागू दिला नाई.

वहिनी आज इथीच आहे, नातीचे पेढे खायले आली. पोरगी तिकडं बरफाचं सांगत होती तेव्हा ती सुपारी कातरत होती. हात थांबला नाई तिचा, पण डोळे माझ्याकडं आले. विहिरीवरचं बोलणं मी अजून परत घेतलं नाई. हा कागद कोणाच्या हाती द्यायचा तर तिच्याच, हे मले समजते. पण ती बाजूलेच बसली आहे, तिले वाचता येते, म्हणून मी पदराआड धरून लिहून राह्यली.