गेलो होतो

कोल्हापूर, मंगळवार, १८ नोव्हेंबर

माझा जुना मित्र दस्तगीर, त्याला पाहून आत्ताच कोडोलीहून परतलो. थोडेच दिवस उरले आहेत, असे डॉक्टर म्हणतात. दूधसागरच्या घाटात डिझेलच्या गाड्या आम्ही दोघांनी पुष्कळ पाहिल्या. उटीचे वाफेचे इंजिन पाहायला जाणे मात्र मी दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलले.

आज तो सुनेला सांगत होता, "मास्तर आन् मी उटीला गेलतो की. कुन्नूरला वाफेचं इंजिन काढून डिझेल जोडलं, तवा मास्तरांनी टोपी काढून हात जोडलं."

"गेलतो नव्हे, गेलो होतो," मी म्हणालो. चाळीस वर्षे मराठी शिकवल्याची सवय.

"बघ, मास्तर बी म्हणत्यात, गेलो होतो." आणि त्याने समाधानाने डोळे मिटले.

आम्ही कधीही गेलो नव्हतो. मला क्रियापदाचे रूप तेवढे चुकीचे दिसले. विधानच खोटे आहे, हे कसे जाणवले नाही? ते खोटे कोणामुळे राहिले?

निघताना त्याने विचारले, "मास्तर, गाडीत कुठल्या बाजूला बसलतो ओ आपण?"

"दरीच्या बाजूला बसलतो," मी म्हणालो.

वाक्य सर्वस्वी अशुद्ध आहे. येथेही दुरुस्त करीत नाही.