कुसुमबनातली अनवाणी माणसं

राळेगाव, मार्च २००६

प्रिय नसरीन,

तुझ्या सासरी फोन बैठकीत आहे आणि बैठकीत सगळेच असतात, म्हणून हे पत्र.

तुमच्या शेताच्या टोकाचं, नाल्याकाठचं कुसुमबन या आठवड्यात तांबडं झालंय. लहानपणी आपलं लक्ष फक्त त्याच्या आंबट फळांवर असायचं. मीठ लावून खायची, दात आंबले की नाल्याचं पाणी प्यायचं. पालवीकडे मान वर करून कधी पाहिल्याचं आठवत नाही. यंदा पाहिलं. बोडक्या फांद्यांवर तांबडीलाल कोवळी पानं आणि त्यांच्या आरपार ऊन. खाली उभं राहिलं की माती, गाय, स्वतःचे हात, सगळं लालसर. एकटीच होते, तरी चालताना पाऊल हलकं पडलं. इतकी जुनी झाडं एका जागी आता आसपास कुठंच नाहीत, असं वनखात्यातला एक जण सांगून गेला.

कापसाला यंदाही भाव नाही. तुझ्या भावाने, अब्रारने, दिवाळीनंतर ते टोक बबनरावांना ले-आउटसाठी द्यायचं कबूल केलं, हे तुला माहीत असेलच. बबनराव पहिल्यांदा आले तेव्हा पानगळ होती. झाडं वाळलेलीच आहेत, आठवड्यात साफ होतील, म्हणत त्यांनी चुन्याने प्लॉट आखले. झाडं जिवंत आहेत, हे अब्रारने त्यांना सांगितलं नाही.

परवा ते गिऱ्हाइकं घेऊन जीपने आले. मी बांधावर होते. बबनरावांचा पांढरा सदरा झाडांखाली गुलाबी दिसत होता आणि ते रस्ता, नळ, शाळा सांगत होते. गिऱ्हाइकांतल्या धुरपताबाई कडेलाच थांबल्या, त्यांनी चपला काढल्या. बबनराव हसून म्हणाले, हा प्लॉट आहे बाई, देऊळ नाही. त्या म्हणाल्या, "असंन. मले तं इथं पायताण घालून जाववत नाही." मग एकेकाने चपला काढल्या. अब्रारनेही. त्या दिवशी भाव कोणीच विचारला नाही.

संध्याकाळी अब्रार आमच्या ओसरीवर आला. चहा घेतला. मग म्हणाला, "दीपाताई, मी जबान देऊन बसलो. मले फिरता येत नाही. पण अर्धं नाव आपाचं आहे."

तुझ्या अब्बांच्या पश्चात शेत तुम्हा दोघांच्या नावावर आलं. बहीण हक्कसोड करून देते, हे सगळे धरूनच चालतात. बबनरावांनी तर तू विचारात पडशील असं मनातही आणलेलं नाही. तू नाही म्हणालीस, तर लोक अब्रारला खोटा म्हणणार नाहीत. तुला म्हणतील, भावाच्या घासात वाटा मागितला. माहेरच्या दारातही कुजबुज होईल. मी त्याला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तेही लिवा. लपवू नका."

शुक्रवारी तो बबनरावांना घेऊन तुझ्याकडे येतोय, कागद तयार आहेत. चारचौघांत तो तुला सही करायचा आग्रह करेल, कदाचित आवाजही चढवेल. निर्णय तुझा. पण मला विचारशील, तर त्या दिवशी त्याचं ऐकू नकोस.

तुझीच,
आंबट दातांची दीपा