पुलाखालची बाटली

प्लॉव्दिव, रविवार, १० नोव्हेंबर

तीर्थरूप नायदेनमामा,

तुमच्या दोन्ही हातांचे मुके घेऊन झोर्नित्साचा नमस्कार. त्सोनामामीलाही सांगा, पण ती मिरच्या भाजत नसेल तेव्हाच, नाहीतर माझा नमस्कार धुरात जायचा. डावा गुडघा कसा आहे? मामीने लावलेल्या चरबीच्या लेपाने बरं वाटतंय, की बरं वाटलं म्हटल्याशिवाय मामी सोडत नाही? भट्टी अजून जोरात असेल. यंदा आलुबुखार फांद्या मोडेपर्यंत लागले होते, तेव्हा पिंपं घेऊन माणसांची रांग एव्हाना चर्चपर्यंत गेली असणार. मी धडधाकट आहे. सर्दी गेली. मामीच्या बरण्यांच्या कृपेने कोट पोटावर लागेनासा झालाय. फक्त डोकं फिरलंय, आणि ते कोणी फिरवलं हे तुम्हाला सांगावं म्हणून हे पत्र. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही "जेवलीस का?" विचारता, मी "हो" म्हणते, तुम्ही "काय जेवलीस?" विचारता, आणि तेवढ्यात मामी फोन ओढून घेते. भांडणं सोडली तर चार वर्षांत आपलं बोलणं याच्या पुढे गेलेलं नाही.

आधी एक गोष्ट कायमची मिटवून टाकू. मी युनिव्हर्सिटीत पर्यावरणशास्त्र शिकते. हवामान नाही. द्राक्षाला औषध कधी मारायचं हे मला कळत नाही, आणि तुमच्या शेजारणीची बकरी दूध का देत नाही हे तर मला मुळीच कळत नाही. (तिने मागच्या महिन्यात मला चार वेळा फोन केला. चौथ्यांदा मी वैतागून म्हटलं, बकरीला एकटं वाटत असेल. तिने दुसरी बकरी आणली. आता दोन्ही दूध देत नाहीत, आणि त्याचं खापर माझ्या शिक्षणावर फुटलंय.) मी शिकते ते असं, की पाणी, माती आणि हवा माणसाने किती बिघडवली ते मोजायचं आणि कागदावर लिहायचं. माझा शेवटचा प्रबंध आपल्या ओढ्यावर आहे, गावात शिरण्याआधी त्याचं पाणी कसं असतं आणि गावातून बाहेर पडताना कसं. येत्या शुक्रवारी तो द्यायचाय. नाही दिला तर वर्ष गेलं, आणि पुढच्या शरदापर्यंत मी या वसतिगृहात, या गाद्यांवर. हे मी तुम्हाला सप्टेंबरात सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणाला होतात, "पोरी, पाणीच हवंय ना? पाण्याला काय कमी!"

म्हणून मी ऑक्टोबरात दोन तपकिरी बाटल्या तुमच्याकडे ठेवून आले. तीन वेळा आम्लाने धुतलेल्या, आत बोटसुद्धा घालायचं नाही अशा. (मामीने त्या मी गेल्याबरोबर सोड्याने घासल्या हे मला नंतर कळलं. जाऊ दे.) एकीवर लिहिलं होतं "पुलाच्या वर", म्हणजे ओढा गावात शिरण्याआधी, दुसरीवर "पुलाच्या खाली", म्हणजे गावातून बाहेर पडताना. दोन का, असं तुम्ही विचारलंत, तर मी म्हटलं, तुलनेसाठी. रविवारी भरा आणि स्तामेन ड्रायव्हरच्या बसने पाठवा, एवढंच काम. बाटल्या आल्या. बुचं घट्ट, वरून मेण, मेणावर गुलाबी दोरा. सोबत सहा बरण्या लाल मिरचीची चटणी, भोपळा भरून भाजलेली एक अख्खी बानित्सा आणि लोकरीचे मोजे. मला वाटलं, मामांनी किती मनावर घेतलंय!

तेव्हा मला सर्दी होती हे लक्षात असू द्या, नाक डांबरासारखं बंद. मी हातमोजे घालून, नियमाप्रमाणे, वरच्या बाटलीतले दोन थेंब यंत्राला दिले. पाण्यात घाण किती आहे ते यंत्र सांगतं. यंत्राने सांगायचंच नाकारलं. मी दहापट पातळ केलं, शंभरपट केलं, हजारपट केल्यावर कुठे आकडा आला, आणि हिशेब मांडला तर आपल्या गावच्या ओढ्यात प्लॉव्दिवच्या गटारापेक्षा दीड हजार पट जास्त घाण! आणि हे पुलाच्या वर, गाव सुरू व्हायच्या आधी. पुलाखालचं तर पिवळसर दिसत होतं. मी काराकाशेवाबाईंना बोलावलं. त्या माझ्या मार्गदर्शक, पंचवीस वर्षं नद्या मोजतायत, हसत नाहीत. त्यांनी आकडा पाहिला, खुर्चीवर बसल्या, आणखी दोन प्राध्यापकांना बोलावलं. एक म्हणाले, वर कुठेतरी छुपा कारखाना आहे. दुसरे म्हणाले, गावातली माणसं जिवंत आहेत का ते आधी बघा. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, माझे मामा परवाच फोनवर बोलले, चांगले ठणठणीत होते. बाईंनी पर्यावरण खात्याला पत्र लिहायला घेतलं. तारीख टाकून झाली होती, तेवढ्यात प्रोदानकाका आले. ते प्रयोगशाळेत काचसामान धुतात, मूळचे आपल्याच डोंगरातले. त्यांनी वरच्या बाटलीचं बूच काढलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, "आलुबुखाराची. यंदाची. पन्नास टक्क्यांच्या वर आहे." मग खालची हुंगली. "ही जुनी. तुतीच्या पिंपातली, सहा वर्षं तरी असेल. बाई, ज्याने ही काढली त्याचे हात धुऊन पाणी प्यावं."

तुमच्या भट्टीची दारू, राकिया, मामा! सरकारी नमुन्याच्या बाटल्यांतून राकिया! धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. काराकाशेवाबाईंनी ते पत्र फाडलं, चार तुकडे केले आणि चारही माझ्यासमोर टाकले. (नियम असा आहे की खराब नमुना विभागाने नष्ट करायचा. त्या दुपारी विभागाने तो एकमताने नष्ट केला, मामीच्या चटणीबरोबर. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.)

तुम्हाला फोन केला तर तुम्हीच माझ्यावर उखडलात. म्हणालात, "या घरात आलेलं भांडं आजवर रिकामं परत गेलेलं नाही. तुझ्या आजीने शेजारणीची चाळण परत करताना चाळणीतसुद्धा अक्रोड घातले." मी म्हटलं, अहो मामा, रिकामं कुठे, पाणी भरून पाठवायचं होतं! त्यावर तुम्ही जे बोललात ते मी माझ्या टेबलावर कागदावर लिहून चिकटवलंय: "पाणी म्हणजे रिकामंच की." वर म्हणालात, स्तामेनने विचारलं असतं बाटलीत काय आहे, तर नायदेन भट्टीवाला भाचीला पाणी पाठवतो असं तीन गावांत झालं असतं. आता याला मी युनिव्हर्सिटीतलं कुठलं पुस्तक दाखवू?

पण तुम्ही शब्द दिलात, पुढच्या वेळी पाणी म्हणजे पाणीच. आणि दिलेला शब्द तुम्ही पाळलात, तोही असा पाळलात की मी पुन्हा डोक्याला हात लावला. मी पुन्हा धुऊन पाठवलेल्या बाटल्या दोन आठवड्यांनी आल्या. या खेपेला प्रोदानकाकांनी आधी हुंगून पाहिल्या आणि त्यांचं तोंड उतरलं, तेव्हा म्हटलं चला, पाणी आहे. यंत्राला दिलं. वरचं पाणी: तान्ह्या बाळाला पाजावं असं. खालचं पाणी: तस्संच. अगदी दशांशापर्यंत तस्संच. काराकाशेवाबाई म्हणाल्या, "मुली, या गावात डुकरं नाहीत? संडास नाहीत? माणसं नाहीत?" मी पुन्हा फोन केला. तुम्ही जरा लाजतच सांगितलंत की दोन्ही बाटल्या वरच्या झऱ्यावरून, पणजोबांनी बांधलेल्या दगडी तोटीवरून भरून आणल्या. म्हणालात, एवढी मोठी प्रोफेसरबाई, तिला ओढ्याचं पाणी पाठवायचं म्हणजे लोक काय म्हणतील! मी म्हणणार होते, अहो मामा, त्या पीत नाहीत, मोजतात! पण तेवढ्यात मामी मागून ओरडली की तुम्ही त्या गुडघ्याने दीड तास चढून गेला होतात आणि उतरताना दोनदा बसलात. मग मला तुमच्यावर ओरडता येईना. मी फोन ठेवला आणि वसतिगृहाच्या जिन्यात बसून हसले, आणि खरं सांगते, थोडी रडलेही. असा मामा असल्यावर शत्रूची गरजच काय, आणि असा मामा नसला तर माणसाने जावं कुणाकडे?

म्हणून मागच्या शनिवारी मी स्वतः आले. तुम्हाला म्हटलं, जाड स्वेटर न्यायला आलेय. ते खोटं होतं, माफ करा. भट्टीवर तुमच्या शेजारी बसून राखेत भाजलेले बटाटे खाल्ले, तुम्ही रांगेतल्या एकेकाला "ही आमची झोर्नित्सा, प्रोफेसर होणार" म्हणून सांगत होतात. पहिली धार तुम्ही माझ्या बोटावर लावलीत. मग मी "जरा फिरून येते" म्हणून सटकले. पुलावर तीन म्हाताऱ्यांनी मला अडवून विचारलं, लग्न कधी? पुलाच्या वर मी घसरून कमरेपर्यंत पाण्यात पडले. पुलाच्या खाली एक बूट चिखलात गेला तो गेलाच. (मामी, तू विचारलंस की एकाच पायात बूट का, आणि मी म्हटलं हीच फॅशन आहे. तू विश्वास ठेवलास, त्यात तुझी चूक नाही, प्लॉव्दिवमध्ये काहीही चालतं.) पण दोन्ही बाटल्या माझ्या हातांनी भरल्या, मेण न लावता, दोरा न बांधता. नमुने आले, आकडे आले, काराकाशेवाबाईंनी मान डोलावली. तेव्हा प्रबंध शुक्रवारी जाणार, काळजी नसावी. माझ्या शिक्षणाचं जे काही करायचं होतं ते तुमचं दोन खेपांत करून झालंय. आता नुसता आशीर्वाद द्या.

तुमची भाची,
झोर्नित्सा

ता. क. १. चटणी संपली. रिकाम्या बरण्या स्तामेनबरोबर पाठवतेय. (हो, रिकाम्या. मी विद्यार्थिनी आहे, माझ्याकडे भरायला काय असणार?)

ता. क. २. काराकाशेवाबाईंनी अगदी सहज, खिडकीबाहेर बघत विचारलं, की त्या पहिल्या खेपेतला खालच्या बाटलीचा नमुना पुन्हा मिळू शकेल का. पडताळणीसाठी म्हणतायत.

ता. क. ३. मामा, हे मात्र मामीला मोठ्याने वाचून दाखवू नका, आधी स्वतः वाचा. पुलाच्या वरचं पाणी चांगलं आहे. खालच्या पाण्यात काही जगत नाही. याला कारण डुकरं नाहीत, संडासही नाहीत. तिथे येऊन मिळते ती आपल्या भट्टीची चारी, आणि चारीतून येते दारू काढल्यावर उरलेली भट्टीतली मळी, गरम, काळीजांभळी. आजोबांनी ती चारी खणली तेव्हा भट्टी वर्षातून दोन आठवडे पेटायची, ओढा तेवढं पचवायचा. आता आजूबाजूच्या भट्ट्या बंद पडल्या, तीन गावं तुमच्याकडे येतात, सहा आठवडे आग विझत नाही. तुम्ही मुद्दाम केलं नाही हे मला माहीत आहे. पण पुलाखालच्या ज्या खडकापाशी तुम्ही मला दगडाखाली हात घालून खेकडे पकडायला शिकवलंत, तिथले सगळे दगड मी उलटून पाहिले. बूट तिथेच गेला. एकसुद्धा खेकडा नाही, मामा. प्रबंधात मला लिहावं लागणार, मळी कुठून येते ते. मी परवानगी मागत नाही, कारण तुम्ही नाही म्हणालात तरी मी लिहीन आणि मग जन्मभर मला तुमच्याकडे जेवण गोड लागणार नाही. तुम्हाला ते सरपंचाकडून कळू नये म्हणून आधी सांगतेय. शिवाय शेवटच्या पानावर मी एक वाक्य लिहून ठेवलंय: "सदर भट्टीचालकाने ओढ्यापासून दूर, वरच्या शेतात, मळीसाठी चुना टाकलेला खड्डा खणण्यास सुरुवात केली आहे." प्रोदानकाकांनी खड्ड्याचं माप काढलंय, सोबत जोडलंय, वसंतात तीच मळी शेताला खत होते. आज ते वाक्य खोटं आहे. शुक्रवारपर्यंत खरं करा. खणायचं गुडघ्याने नाही हं, रांगेतल्या माणसांना कामाला लावा, तसेही नुसते बसून असतात.

ता. क. ४. बरण्यांच्या मध्ये फडक्यात गुंडाळलेली तपकिरी बाटली आहे, "पुलाच्या खाली" लिहिलेली. आपल्या घरात भांडं रिकामं जात नाही, म्हणून मीही भरून पाठवलीय. मेण लावलंय, गुलाबी दोराही बांधलाय. पिऊ नका, नुसती उघडा आणि हुंगा. तुम्ही म्हणालात ना, पाणी म्हणजे रिकामंच. हे रिकामं नाही.