आगेराची पेज

मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व
१६ मार्च २०२५

प्रिय इनेझ,

जय येशू. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या जेनीवहिनीचा गुडघा कुरकुरतो, आवारातल्या माडाचे नारळ परवा पाडून घेतले, आणि तू डब्लिनमध्ये दोन स्वेटर घालून ड्युटीला जात असशील असं म्हणत आम्ही इथे घाम पुसतोय. फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर तू नर्स होतेस आणि मी पेशंट. कागदावर निदान थोरला भाऊ तरी राहतो.

तर बातमी. तुझ्या आग्रहाखातर मी पवईच्या हॉस्पिटलातल्या त्या चाचणीत नाव घातलं. माझं पोट अन्न पुढे ढकलतच नाही, सकाळची इडली संध्याकाळी होती तिथेच. त्यावर हे लोक तोंडातून दुर्बीण घालतात आणि जठराच्या खालच्या दाराचा स्नायू आतल्या आत कापतात. दार सैल झालं की अन्न खाली उतरायचं. पण गंमत पुढेच आहे. स्नायू निम्म्याच लोकांचा कापतात. बाकीच्यांना नुसतं झोपवून दुर्बीण आत घालून बाहेर काढतात. कोणाचं काय केलं ते सहा महिने बंद पाकिटात. गुण कापल्याने येतो की कापलं असं वाटल्याने, हे त्यांना बघायचंय. विमान कंपनीच्या किचनमध्ये मी तीस वर्षं जेवणाचे ट्रे भरले, आणि आता माझाच ट्रे हलेना. वाट लागली म्हणायची, दुसरं काय.

मंगळवारी झालं सगळं. आधीचे तीन दिवस फक्त पाणी आणि गाळलेलं सूप. शुद्धीवर आलो तर केतन डॉक्टर खुर्ची ओढून बसले.

"काका, खरं सांगा, चोरून जेवलात ना?"

"देवाशपथ नाही."

"मग तांदूळ कुठून आला? दहा-बारा दाणे होते. लाल. अख्खे."

जेनीला हसू आवरेना. अशा पोटात जुनं अन्न राहून जातं, असं डॉक्टरांचं म्हणणं. जात असेल. पण मी अडीच वर्षांत भात तोंडात घातलेला नाही. आवडत नाही मला आता.

मागच्या फोनवर तू मम्माला सांभाळणाऱ्या सुंदराबाईंचं नाव काढून पुन्हा चिडलीस. तो विषय सोड ना. मम्मा गेली, ती गोष्टही गेली. औषध वेळेवर घेतोय, काळजी करू नकोस.

तुझा,
नेल्सन


मरोळ गावठाण
२२ जून २०२५

प्रिय इनेझ,

तू पाठवलेली बिस्किटं पोचली. जेनीने खाल्ली, मी डबा हुंगला.

हॉस्पिटलने मला एक वही दिली आहे. रोज भरायची. पोट जड वाटतं का, मळमळतं का, शून्य ते पाच. मी रोज पाच लिहितो. पण आवाजासाठी त्यात रकानाच नाही.

आवाजाचं तुला सांगितलं नव्हतं. डॉक्टर कंबर धरून हलवतात तेव्हा आत पाणी डुचमळतं, त्यात नवल नाही, तुम्हा लोकांना ते शिकवतातच. मी म्हणतो तो आवाज वेगळा आहे. दुपारी चारच्या सुमारास येतो. मी खुर्चीत स्वस्थ बसलेला असतो आणि माझ्या पोटातून, घशात काहीतरी अडकलेलं माणूस गिळू बघतंय, तसं ऐकू येतं. घर्र, मग थांबतं, मग पुन्हा घर्र. मला वाटलं माझेच भास. गेल्या गुरुवारी जेनी शेजारी चहा पीत होती. आवाज आला तशी तिने कप खाली ठेवला आणि दाराकडे बघून म्हणाली, "मम्मा?" मग उठून स्वयंपाकघरात गेली. त्यावर आम्ही बोललेलो नाही. मला भीती वाटते, इनेझ.

तिसऱ्या महिन्याचा स्कॅन झाला. इडलीत किरणोत्सर्गी औषध घालून खायला देतात आणि चार तास मधूनमधून फोटो काढतात, म्हणजे अन्न कुठवर पोचलं ते दिसतं. मशीनवरचा विशाल म्हणून मुलगा आहे, त्याने मला पडदा दाखवला. इडली कडेकडेने पसरली होती आणि मधोमध एक गोल काळी जागा, तिथे काही शिरलंच नव्हतं.

"काका, इथे आधीच काहीतरी बसलंय. एवढं, वाटीएवढं."

जुन्या अन्नाचा गोळा असेल म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा दुर्बीण घातली. आत काहीच नव्हतं.

वाटीएवढं, असं तो म्हणाला तेव्हा मला कोणती वाटी आठवली, ते लिहायला बसलो होतो. आज नको.

एक सांगून टाकतो. मरोळ नाक्यावर सुंदराबाई भेटल्या. अकरा महिने त्यांनी मम्माचं हगणं-मुतणं काढलं, आणि आता दहिसरला चार घरची भांडी घासतात. आया पुरवणाऱ्या ब्युरोने त्यांना पुन्हा पेशंट दिलाच नाही. मला म्हणाल्या, "पोट कसं आहे तुमचं?" मी बरं आहे म्हणालो आणि समोर आली त्या रिक्षात चढलो.

नेल्सन


मरोळ गावठाण
५ ऑक्टोबर २०२५, आगेराचा रविवार

इनेझ,

शुक्रवारी पाकीट उघडलं. माझं काहीच कापलेलं नव्हतं. मंगळवारी खरोखर कापणार आहेत. डॉक्टर म्हणाले, आता नक्की उतरेल. मला नाही वाटत. माझ्या पोटात जे बसलंय ते कापून उतरणारं नाही, आणि ते तिथे मीच घातलंय.

तीन वर्षांपूर्वीचा आगेरा, नव्या भाताचा सण. जेनी दुपारी पुन्हा चर्चमध्ये गेली होती. सुंदराबाई मम्माचे डायपर आणायला नाक्यावर गेल्या होत्या. अर्धांगाचा झटका आल्यापासून मम्माला अन्न नाकातल्या नळीतून देत होतो. तोंडाने थेंबही नाही, हे तू दर फोनला बजावायचीस. सकाळी चर्चमध्ये आशीर्वाद दिलेला नवा लाल तांदूळ आला होता, गोराईच्या शेतातला, आणि जेनीने नारळाचं दूध घालून त्याची पेज केली होती. मी मम्माजवळ बसून खात होतो. तिला वास आला. बोलता येत नव्हतं तिला. माझ्या वाटीकडे बघून तिने तोंड उघडलं, पाखराच्या पिल्लासारखं. चार वाजले होते. मी तीन चमचे दिले. चौथ्याला ठसका लागला.

तिचे ओठ निळे पडायला लागले आणि मला मम्मा दिसेना, तू दिसलीस. कोणी पेज बघितली तर तुला कळणार, एवढंच डोक्यात. मी वाटी मोरीत ओतायला गेलो आणि हात थांबला. आगेराचं अन्न मोरीत जात नाही. तिनेच शिकवलं ना आपल्याला, दाणा सांडला तर उचलून तोंडात. म्हणून मी तिथेच उभा राहून ती खाल्ली. सगळी. तिचा घसा वाजत होता, इनेझ. मी ऐकत होतो आणि गिळत होतो. वाटी चाटूनपुसून संपवली आणि मग शेजाऱ्यांना हाक मारली.

आधी हाक मारली असती तर ती वाचली असती का, ते तू नर्स आहेस, तूच सांग. मला ते विचारायचं धाडस आज झालं.

सर्टिफिकेट द्यायला आलेल्या डॉक्टरांना तिच्या जिभेवर तांदूळ सापडला. तू फोनवर होतीस. मी म्हणालो, सुंदराबाई होत्या तिच्याजवळ. पुढचं तू केलंस, पण तोंड माझं होतं.

परवा रात्री जेनीला सांगितलं. काल दहिसरला गेलो. सुंदराबाई दारातच भांडी घासत होत्या. सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पातेलंही खाली ठेवलं नाही.

"मला ठाऊक होतं. ती वाटी मीच घासली ना. आई नीट गिळू शकत नव्हत्या, आणि वाटी अशी लख्ख. कोण खाईल?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या बहिणीने विचारलं कुठे? डायरेक्ट ब्युरोला फोन. मला सांगून काय उपयोग, तिला सांगा. माझं नाव तिने खराब केलंय, धुवायचं तर तिनेच."

त्यांचा नंबर कागदाच्या मागे लिहिला आहे.

आज जेनीने नव्या तांदळाची पेज केली आहे. तीच वाटी. समोर ठेवून ती बाहेर पायरीवर जाऊन बसली आहे. चार वाजलेत. आवाज सुरू झालाय, आज थांबून थांबून नाही, सलग.

टपालाला तीन आठवडे लागतील, तेवढा धीर नाही. पानांचा फोटो काढून आत्ताच तुला पाठवतो. त्या दिवशी मी आधी खाल्लं आणि मग हाक मारली. आज पेजेला हात लावलेला नाही. आधी हाक मारतोय. तू ओ दे, इनेझ, शिवी देऊन दे हवी तर. मग मी जेवेन.

अजून भाऊ म्हणत असशील तर तुझा,
नेल्सन