पातेलं आधी, ताट मग

बाई, तुम्ही एकदा चुकला होतात, आणि ते तुमच्या तोंडावर सांगायची संधी मला न देता निघून गेलात. इतकी वर्षं झाली, केस पिकले, मनीषनगरच्या या घरात आता दुपारी मला कोणी हाक मारत नाही, तरी ते सांगायचं राहून गेलं याची रुखरुख काही जात नाही. तुमची चूक दाखवणं म्हणजे काय खायची गोष्ट होती? निकालाच्या यादीत एका पोराचा एक गुण इकडचा तिकडे झाला तरी तुम्ही चष्मा कपाळावर चढवून नुसतं पाहायचात, आणि आम्ही तिघी यादी पुन्हा पहिल्यापासून तपासायला घ्यायचो. तिघी म्हणजे मी, खाप्याहून रोज एसटीने येणारी ती, आणि इंदोऱ्याची ती मुकी मुकी पोरगी. धंतोलीतल्या त्या दोन खोल्यांच्या कॉम्प्युटर ऑफिसात शाळा-कॉलेजांचे निकाल तयार व्हायचे आणि तुम्ही आमच्या मुख्य. मे महिन्यात मालक स्वतः खसच्या कूलरपुढे घामाघूम बसायचे आणि मशीनला मात्र एसी! आम्ही चपला बाहेर काढून त्या गार खोलीत शिरायचो तेव्हा गल्लीतल्या बायकांना आमचा हेवा वाटायचा. वाटू दे, म्हणायचो.

मशीनला हात लावायच्या आधी तुम्ही आम्हाला तुमच्या स्वयंपाकघरात शिकवलंत, हे आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. रविवारची सकाळ, गॅसवर सांबारवडीचं, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचं, सारण परततंय, आणि ओट्यावर तुम्ही दोन डबे मांडलेत, एक तांदळाने भरलेला, एक रिकामा. त्या वेळच्या मशीनचा सगळा कारभार सीपीएम नावाच्या व्यवस्थेवर चालायचा. दिवसभर भरलेले गुण संध्याकाळी एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवून ठेवायचे, आणि तो हुकूम देताना आधी कुठे उतरवायचं ते लिहायचं, मग कुठून उचलायचं ते. मला ते उलटंच वाटायचं. मी भरलेल्या डब्यातून ओंजळभर तांदूळ घेतले आणि रिकामा डबा शोधायला वळले, तर निम्मे तांदूळ खाली. तुम्ही उलथणं माझ्यावर रोखलंत.

"काहून घाई करून राहिली वं? आधी रिकामा डबा हाती घे, मंग भरल्याकडे जा. दुकानात जातानी पिशवी घरी ठेवून जाते का तू?"

सांडलेले तांदूळ मलाच वेचायला लावलेत, दाणा न् दाणा. पण ते असं डोक्यात बसलं बाई, की पुढे कधी विचार करावा लागला नाही. रिकामा आधी, भरला मग. बोटं आपोआप चालायची. खाप्याची तर पडद्याकडे न पाहता, शेजारच्या घरच्या लग्नाची गोष्ट सांगत सांगत हुकूम देऊन मोकळी व्हायची.

मग नवीन मशीन येणार असं ठरलं. त्यावर सीपीएमच्या जागी डॉस असणार, जुनं काही चालणार नाही, असं मालक सांगून गेले. तुम्ही तेव्हा अंथरुणाला खिळला होतात. आम्ही भेटायला आलो, संत्री घेऊन, आणि मी उत्साहात नव्या मशीनचं सांगायला लागले, तर तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. "ते मशीन आलं का तुम्ही तिघीबी घरी बसान," म्हणालात. "हाताले एकदा वळण लागलं का ते मोडत नाही. मी लावलं ते वळण, मले माहीत आहे." तुम्हाला आमची काळजी होती हे मला आज कळतं. तेव्हा मात्र जिन्यावरून उतरताना मी रागाने लाल झाले होते. खाप्याची म्हणाली, "बाई म्हणते ते खरं असते वं." मी म्हटलं, या खेपेला नसेल! तुम्ही थंडीत गेलात. मशीन उन्हाळ्याच्या तोंडाशी आलं.

मालक सरळ माणूस, पण धंद्याचा. नवीन मशीनचं खोकं फोडताच त्यांनी आम्हाला बोलावलं. "देखो ताई, एका मोठ्या परीक्षेचं काम मिळालंय. पुण्याची पोरं डॉस शिकून तयार बसली आहेत, बुलाया तो कल आ जायेंगे. पर तुम्ही घरच्या. हा निकाल बरोबर काढलात तर खुर्च्या तुमच्या. गडबड झाली तर माझ्याजवळ रडायचं नाही." खाप्याचीच्या पगारावर तिचं घर चालायचं. इंदोऱ्याची तिच्या वस्तीतून ऑफिसात नोकरीला लागलेली पहिली पोरगी. तिचा बाप गिरणीतून सुटून कधीमधी आमच्या फाटकाशी यायचा, तिला न्यायला नव्हे, ती तिथे काम करते हे नुसतं पाहायला. आणि मी? मला लग्नाला उभं करायला घरचे टपलेलेच होते. नोकरी गेली असती तर दिवाळीच्या आत माझ्या डोक्यावर अक्षता पडल्या असत्या.

डॉस आम्ही भराभर शिकलो. पण त्याची एक खोड होती, नेमकी आमच्या मुळावर येणारी. तिथे नक्कल करताना आधी कुठून ते लिहायचं, मग कुठे. तुमच्या डब्यांच्या बरोब्बर उलट! रंगीत तालमीच्या दिवशी आम्ही सकाळपासून एका तालुक्याचे सगळे गुण भरले. संध्याकाळी खाप्याचीने सवयीने हुकूम दिला, रिकामा आधी. मशीनने ना विचारलं ना पुसलं, जिच्यावर उतरवायचं ती कालची फ्लॉपीच आजच्या फ्लॉपीवर ओतून टाकली. दिवसाची मेहनत मातीत. ती हमसून हमसून रडायला लागली. "डोक्याले समजते गं, माह्या हाताले समजत नाही." दारात मालक उभे होते. केबिनमध्ये जाऊन त्यांनी टेलिफोनची डायरी उघडली ते आम्ही काचेतून पाहिलं. तुमचं ते भिंतीकडे फिरवलेलं तोंड मला तेव्हा दिसलं, आणि पुन्हा तसाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पाहुणे जेवायला होते, मला पाहायलाच आलेले, लपवायचं काय. आई वाढत होती. भाताचं पातेलं कमरेशी धरून ती पंक्तीतून जात होती, कोणाच्या ताटात वाढायचं ते पुढे पुढे पाहत. मी वरणाची वाटी घेऊन मागे उभी, आणि एकदम मोठ्याने हसले. अगं बाई! रिकामं ताट हातात धरून कोणी वाढत फिरतं का? आधी भरलेलं पातेलं, मग ताट. तुम्ही आम्हाला आणायला शिकवलं होतं, बाई. आता वाढायचं होतं, आणि वाढणं काय आम्हाला कोणी शिकवावं? पाहुण्यांना मुलगी खुळी वाटली. गेले ते परत निरोप घेऊन आले नाहीत, बरंच झालं.

सोमवारी मी भाताचं छोटं पातेलं घेऊनच ऑफिसात गेले. मशीनच्या खोलीत खायला बंदी, म्हणून व्हरांड्यात. दोघींना सांगितलं, पाळीपाळीने वाढा आणि तोंडाने म्हणा. "पातेलं आधी, ताट मंग." इंदोऱ्याची, जिचा आवाज आम्ही क्वचितच ऐकलेला, ती सगळ्यात मोठ्याने म्हणायला लागली. खाप्याची हसून हसून बेजार. मालक बाहेर आले, "ये क्या चालू है? पंगत बसवली का?" मी म्हटलं, "बसा तुम्हीबी, शिकून घ्या." बसले की! त्यांनी दोनदा भात घेतला. तो आठवडाभर जेवताना, चहा देताना, पाणी देताना आम्ही तेच म्हणत राहिलो, आणि हुकूम दिल्यावर कळ दाबण्याआधी मोठ्याने वाचायचो, हे पातेलं, हे ताट. तुम्ही म्हणाला होतात हाताचं वळण मोडत नाही. मोडलं नाहीच, बाई. हातात ते दुसरं वळण आधीपासून होतंच, तुमच्या-माझ्या आयांनी लावलेलं, तेच बाहेर काढलं.

आणि निकाल निघाला! छापणारं यंत्र कर्कश करकरत होतं आणि कागदाची घडी जमिनीवर उतरत होती. मालक मधून कुठलंही पान उपसत होते, मूळ गुणपत्रिकेशी लावत होते. बरोबर. आणखी एक. बरोबर. शेवटी त्यांनी पेन खिशाला लावलं आणि आमच्यासमोरच पुण्याला फोन केला. "नको भाई, माझ्या पोरींनी काढला निकाल." माझ्या पोरींनी! एरवी पै-पै पाहणाऱ्या त्या माणसाने संत्रा बर्फी मागवली, आणि फाटकाशी उभ्या असलेल्या त्या गिरणी कामगार बापाला स्वतः आत बोलावून चपला काढायला लावून मशीनची खोली दाखवली. त्याने मशीन पाहिलंच नाही. लेकीलाच पाहत होता. त्यानंतर मशीनच्या आतले कारभारी किती बदलले, गणती नाही. दर वेळी तरणी पोरं घाबरली आणि दर वेळी मी बाह्या सरसावल्या.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही म्हणून राहतंय असं समजू नका. पत्ता असता तरी टाकलं नसतं, कारण पुढचं तुम्हाला कळू द्यायचं नाही. त्या दिवशी आम्ही तिघी गळ्यात गळे घालून नाचलो, आणि मला तुमची आठवण एकदाही आली नाही. मी जिंकले, मी जिंकले, एवढंच रिक्षात बसेपर्यंत मनात घुमत होतं. दुसऱ्या दिवशी मालकांनी मला खिडकीजवळच्या टेबलाशी बसायला सांगितलं. बसले, आणि मग लक्षात आलं की ही तुमची खुर्ची. दोघी माझ्याकडे पाहत होत्या, मी डोळे पुसेन म्हणून. मी टेबलाशी जरा पुढे सरकून बसले आणि कामाला लागले. खुर्ची अगदी माझ्या मापाची होती, बाई.